रानातल्या मधमाश्या : केव्हा आणि कोठे पाहाव्यात?



आपल्या या अंकातून लागणीच्या तारखा, खताचे हप्ते, खोडव्याची निगा आणि पाणीपाळ्या यांविषयी नेहमी वाचायला मिळते. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. विषय आहे रानातल्या मधमाश्यांचा. पेटीत पाळलेल्या नव्हे, तर आपल्या बांधाला, झाडाला, पडक्या भिंतीला आपण होऊन राहणाऱ्या माश्यांचा.

कोणी म्हणेल, "उसाला माशीचा काय उपयोग?" हे म्हणणे खरे आहे. उसाची लागण आपण टिपरीने किंवा रोपाने करतो. तुरा आला तरी त्याचे पराग वाऱ्याने उडतात, माशीची वाट पाहत नाहीत. आपल्याला तर तुरा दिसला की तोड कधी मिळेल याचीच काळजी लागते! पण नुसत्या उसावर आपल्यापैकी कितीजणांचा संसार चालतो? कोणाचा कांदा आहे, कोणाचे कलिंगड, कोणाचे सूर्यफूल, कोणाची तूर. परसात भोपळा-दोडका आणि बांधाला शेवगा तर घरोघर आहे. या साऱ्यांचे फळ आणि बी माशीच्या पायावरून येते.

हे मला कोणी शिकवले नाही, नुकसानीने शिकवले. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी दहा गुंठ्यांत कांद्याचे बी धरले होते. माघ महिन्यात गोंडे फुलले. फुलकिडे दिसले म्हणून सकाळी नऊ वाजता, चांगले ऊन पडल्यावर, मी औषध मारले. त्या वेळी गोंड्यांवर माश्यांची नुसती झुंबड होती. मला वाटले, 'उडून जातील.' दुसऱ्या दिवशी सरीत माश्यांचा सडा पडला होता. त्यानंतर आठ-दहा दिवस प्लॉटात भुणभुण अशी ऐकूच आली नाही. पुढे गोंडे वाळले, चोळून पाहिले, तर बियांपेक्षा फोलच जास्त. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतात आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेणारा कोणीतरी लागतोच. तो नेणाराच मी मारून टाकला होता.

तेव्हापासून सवय लागली. कोणत्या महिन्यात कोणती माशी कोठे असते, हे बघायचे आणि कामे त्या बेताने धरायची. ते वेळापत्रक सभासदांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आधी ओळख करून घेऊ

मधमाशी म्हटले की आपल्याला पोळे आठवते. पण जगात माश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक पोळे करीत नाहीत, मध साठवत नाहीत, एकेकट्या राहतात. आपल्याकडे मध साठवणाऱ्या ठळक रानमाश्या चार :

आग्या : सर्वांत मोठी. उंच झाड, कडा, पूल किंवा पाण्याची टाकी यांना उघड्यावर एकच मोठे पोळे लावते. स्वभाव नावाप्रमाणे.

सातेरी : झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या पोकळीत, अंधारात राहते. एकाशेजारी एक अशी पोळी बांधते. आपल्याकडे पेटीत पाळतात ती मुख्यतः हीच.

फुलोरी : लहान, नाजूक. झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढे एकच पोळे. मुंग्या येऊ नयेत म्हणून फांदीला दोन्ही बाजूंनी चिकट लेप लावून ठेवते.

पोयाची माशी : मुंगीएवढी काळी. हिला नांगीचा डंख नाही. भिंतीच्या फटीत राहते आणि दाराशी मेणा-राळेची छोटी नळी काढते.

एकेकट्या राहणाऱ्यांत काळा भुंगा सर्वांच्या ओळखीचा. घराच्या वाशाला किंवा वाळक्या बांबूला गोल भोक पाडतो तोच. दुसरी पान कापणारी माशी. गुलाबाच्या पानाची कड कंपासने कापल्यासारखी गोल दिसली, तर ती किडीची खूण समजू नका. ही माशी तो तुकडा नेऊन बांबूच्या पोकळीत किंवा कुलपाच्या भोकातसुद्धा पिलांसाठी खोली करते. तिसरी निळ्या पट्ट्यांची माशी. हिच्या काळ्या पोटावर चकचकीत निळसर पट्टे असतात. ती एका जागी फार टिकत नाही. चौथ्या, बांधाच्या उघड्या मातीत बारीक भोके पाडून राहणाऱ्या लहान माश्या. भोकाशी मातीची चिमूटभर ढिगोळी दिसते, आपण ती मुंग्यांची समजून पुढे जातो.

पुष्कळ वेळा फुलावर माशीसारखे दिसते पण ती साधी माशी असते. खूण सोपी आहे. साध्या माशीला पंखांची एकच जोडी असते, मधमाशीला दोन. आणि जिच्या मागच्या पायावर पिवळी गोळी किंवा पोटाखाली पिवळी भुकटी भरलेली दिसेल ती नक्की पराग नेणारी. पोटाखाली भुकटी असली, तर ती बहुधा पान कापणारी समजावी.

आपले वर्ष दोन बहारांचे

परदेशी पुस्तकांत लिहिलेले असते की मधमाश्या पाहाव्यात वसंतात आणि त्या विश्रांती घेतात हिवाळ्यात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१७ साली २० मे हा जागतिक मधमाशी दिन ठरविला. मधमाशीपालनाचा युरोपातला जुना जाणकार आंतोन यान्शा याचा १७३४ साली त्या दिवशी बाप्तिस्मा झाला, म्हणून ती तारीख. तिकडे त्या वेळी फुलांचा हंगाम जोरात असतो. आपल्याकडचे गणित निराळे आहे. आपली माशी थंडीला फारशी भीत नाही, ती धो-धो पावसात अडकते. आणि आपल्याकडे बहार दोन : एक पाऊस ओसरल्यावर, दुसरा फाल्गुन-चैत्रात. लागणीच्या हंगामाप्रमाणे पाहू म्हणजे ध्यानात राहील.

आडसालीच्या वेळी (जुलै-ऑगस्ट)

आषाढात माश्या कमी दिसतात. पाऊस, ढगाळ हवा आणि फुलांचा तुटवडा. महाबळेश्वरच्या बाजूला पेटी पाळणारे लोक या दिवसांत माश्यांना साखरेचा पाक पाजून जगवतात. म्हणजे आपल्या साखरेवर माशीचेही चार घास निघतात म्हणायचे!

श्रावण लागला आणि उघडीप मिळाली की चित्र बदलते. बांधाला टाकळा आणि तेरडा फुलतो, रानात तीळ येतो, वेलांना फुले लागतात. निळ्या पट्ट्यांची माशी पाहायला हाच काळ धरावा. तिचे एक काम असे आहे की ते आग्या आणि सातेरीलाही जमत नाही. वांगी, टोमॅटो, टाकळा यांच्या फुलांत पराग मिठाच्या डबीसारखा बंद असतो, टोकाला बारीक भोक. ही माशी फुलाला धरून अंग असे थरथरवते की पराग आपोआप गळतो. कान दिला तर 'झूंऽऽ' असा चढा आवाज ऐकू येतो. भुंग्यालाही ही कला येते.

आणखी एक गंमत. याच दिवसांत संध्याकाळी बांधावरच्या वाळक्या काडीकडे नीट बघा. या माशीचे नर जबड्याने काडी धरून, ओळीने लटकून झोपलेले दिसतात. त्यांना घर नसते. घर माद्यांचे. तीच काडी आपण 'बांध साफ केला' म्हणून खुरप्याने उडवतो.

पूर्वहंगामीच्या वेळी (ऑक्टोबर-नोव्हेंबर)

वर्षातून एकदाच माश्या बघायच्या असतील तर हे दिवस धरावेत. जमिनीत ओल आहे, ऊन पडते आहे, बांधाचे गवत आणि रानफुले अजून हिरवी आहेत. कारळा पिवळाधमक झालेला असतो आणि तुरीला कळी लागलेली असते. तुरीच्या रानात सकाळी दहाच्या सुमारास अर्धा तास उभे राहा. पान कापणारी माशी, काळा भुंगा, आग्या अशा तिघी एकाच ओळीत दिसतात. तुरीचे फूल मिटलेले असते, ते दाबून उघडायला अंगात जोर लागतो. म्हणून तिथे मोठ्या माश्यांचे चालते.

पाऊस संपला की आग्याही उंच झाडांवर यायला लागतात. ही माशी फिरस्ती आहे. फुलोरा संपला की सगळा जथा मुक्काम हलवतो. पण नवल असे की पुढच्या हंगामात तीच राणी त्याच झाडावर परत आल्याचे अभ्यासकांनी तपासून दाखवले आहे. म्हणून एखाद्या वडाला दरसाल मोहोळ लागते आणि शेजारच्या वडाला लागत नाही. जो वड तोडला, तिथला मुक्काम गेला.

गाळपात आणि सुरू लागणीच्या वेळी (डिसेंबर-फेब्रुवारी)

या थंडीत माशी उशिरा उठते. ऊन अंगावर आल्याशिवाय, म्हणजे दहा-साडेदहाशिवाय फार हालचाल नसते. शाळू फुलोऱ्यात आला की मात्र सातेरी आणि आग्या सकाळीच पराग गोळा करताना दिसतात. करडई, सूर्यफूल, मोहरी ही या दिवसांतली त्यांची पंगत. कोथिंबीर बियांसाठी ठेवली असेल तर त्या पांढऱ्या फुलांवर फुलोरी माशी जवळून पाहता येते.

हाच काळ गुऱ्हाळांचा. रसाच्या आणि काकवीच्या वासाने माश्या येतात आणि काहिलीच्या कडेला, रसाच्या पिपात पुष्कळ मरतात. रसाची भांडी फडक्याने झाकली आणि सांडलेला रस धुऊन टाकला, तर माश्याही वाचतात आणि गूळही स्वच्छ राहतो.

उन्हाळ्याच्या तोंडी (फेब्रुवारी-मे)

हा दुसरा बहार. आधी कांद्याचे गोंडे, शेवगा आणि गिरिपुष्प. शेवग्यावर आणि गिरिपुष्पावर काळा भुंगा सकाळपासून असतो. मग पळस, पांगारा, सावर. चैत्रात कडुनिंब आणि करंज फुलतो. करंजाखाली उभे राहिले की वर गिरणी चालल्यासारखा आवाज येतो. बहावा फुलला की भुंगे पुन्हा थरथरायला लागतात. घाटमाथ्यावर जांभूळ आणि हिरडा फुलतो, तिकडच्या मधाचा मोठा हंगाम हाच. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले, ते याच जंगलाच्या जिवावर.

उन्हाळी कलिंगड लावणाऱ्यांनी हे दिवस विशेष ध्यानात ठेवावेत. कलिंगडाला नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. मादी फुलाला माशीच्या फेऱ्या कमी पडल्या, तर फळ एका बाजूने वाढते, वाकडे राहते आणि बाजारात मागे पडते. आपण दोष बियाण्याला देतो.

वैशाखात फुले आटली तर पाण्यावर नजर ठेवा. पाटाच्या कडेला, हौदाच्या ओल्या काठावर माश्या पाणी न्यायला येतात. पोळे गार ठेवायला त्यांना पाणी लागते. हौदात चार दगड किंवा पाचटाची पेंढी टाकून ठेवली, तर त्या बुडून मरत नाहीत.

दिवसाची वेळ

साधारणपणे सकाळी नऊ ते बारा ही उत्तम वेळ. उन्हाळ्यात त्याआधीच, थंडीत त्यानंतर. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, तेव्हा तिथे दिवस उजाडतानाच जावे. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते. आग्या तर चांदण्या रात्रीही चरायला जाते. भीमाशंकरच्या जंगलात भुंग्याची एक जात अशी आढळली आहे की अमावस्येलाही, नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात ती फुलावर जाते. तेव्हा 'रात्री माशी झोपते' हेही पुरते खरे नव्हे.

आग्याबाबत सावधगिरी

बाकीच्या माश्या दोन-तीन हातांवरून खुशाल बघा. त्या फुलावर असताना आपल्या वाटेला जात नाहीत. आग्याच्या मोहोळापाशी मात्र जाऊ नका, लांबूनच बघा. मोहोळाखाली पाचट पेटवू नये, दगड मारू नये, उग्र वासाचे अत्तर लावून खाली बसू नये. ऊसतोडीला आलेल्या टोळीला, विशेषतः त्यांच्या पोरांना, फडाजवळच्या मोहोळाची कल्पना आधी द्यावी. ही जबाबदारी रानमालकाची आहे. जवळ बैल बांधू नयेत. बांधलेले जनावर पळू शकत नाही.

मोहोळ उठलेच तर हात झटकत उभे राहू नका. तोंड-डोके कापडाने झाकून पळत सुटा आणि घरात, गाडीत किंवा दाट झाडीत शिरा. विहिरीत उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत राहतात. नांगी अंगात राहिली तर नखाने लगेच खरवडून काढा. डंख पुष्कळ असतील, धाप लागली किंवा तोंड सुजले, तर घरगुती उपाय करीत न बसता सरळ दवाखाना गाठावा.

मधासाठी मोहोळ जाळणे ही तर दुहेरी चूक. आग्याच्या पोळ्यात मध फांदीलगतच्या वरच्या भागात असतो, खाली अंडी-पिले असतात. जाणकार माणूस धूर देऊन तेवढाच मधाचा भाग कापतो आणि पिलांचे पोळे राखतो. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. अशा कामाचे शास्त्रोक्त शिक्षण घेतलेला माणूसच बोलवावा.

आपण काय करू शकतो?

फार खर्चाचे काही नाही.

एक, पीक फुलात असताना फवारणी शक्यतो टाळावी. करावीच लागली तर दिवस मावळायला आल्यावर, माश्या घरी गेल्यानंतर करावी. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल ही औषधे माशीला अतिशय घातक आहेत. उसात वापरताना शेजारच्या फुललेल्या पिकावर उडणार नाहीत, इतके तरी पाहावे. शेजारच्या रानात बी धरले असेल तर त्याला आदल्या दिवशी सांगावे.

दोन, सगळा बांध तणनाशकाने जाळू नये. एका बाजूचा हातभर पट्टा टाकळ्या-तेरड्याला सोडावा आणि एक कोपरा उघड्या, न नांगरलेल्या मातीचा ठेवावा. मातीत राहणाऱ्या माश्यांना तेवढे घर पुरते.

तीन, पाचट जाळू नये, हे आपण खोडव्यासाठी नेहमी सांगतोच. बांधावरची वाळकी काडी, झुडपातली फुलोरी आणि काठची माती भाजते, हे त्याला आणखी एक कारण.

चार, विहिरीवर किंवा गोठ्याला वाळक्या बांबूचे पाच-सहा तुकडे, एका बाजूने पेर बंद असलेले, आडवे बांधून ठेवावेत. वर्षभरात त्यांतल्या एखाद्याचे तोंड पानाच्या तुकड्यांनी किंवा मातीने बंद झालेले दिसेल. समजावे, भाडेकरू आला.

पाच, करंज, शेवगा, कडुनिंब, जांभूळ यांपैकी एकतरी झाड बांधाला लावावे. आपल्या शिवारात ऊस शेकडो एकर सलग असतो. माशीच्या दृष्टीने ते हिरवे पण उपाशी रान आहे. त्यात एक फुललेला करंज म्हणजे वाटेवरचे अन्नछत्र.

माझ्या कांद्याच्या प्लॉटाचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. पुढच्या दोन वर्षांत मी फवारणी संध्याकाळवर नेली आणि पश्चिमेचा बांध तसाच राखला. आता माघात गोंडे फुलले की सकाळी आधी कडेला उभा राहतो. भुणभुण ऐकू आली की मगच बाकीची कामे काढतो. नाही ऐकू आली, तर काहीतरी चुकले आहे असे समजून शोधायला लागतो. बी कसे भरेल, याचा अंदाज मला त्या आवाजावरूनच येतो.

येत्या आश्विनात, घट बसायच्या सुमाराला, घरातल्या पोरांना घेऊन एकदा तुरीच्या कडेला जावे. किती तऱ्हेच्या माश्या दिसतात ते मोजावे आणि वहीत तारीख टाकून लिहावे. पुढच्या साली त्याच तारखेला पुन्हा मोजावे. आकडा वाढला की घटला, ते आपले आपल्याला कळेल.

— एक ऊस उत्पादक सभासद